दोन सह्यांचा तक्ता

आईच्या हृदयातली एक झडप धातूची आहे. आठ वर्षांपूर्वी बसवली. खोली शांत असली आणि तिच्याजवळ बसलं की टिकटिक ऐकू येते; सुरुवातीला पाहुणे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे आणि आई त्यांची गंमत बघायची. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची, जन्मभर. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मधली वाट अगदी चिंचोळी. दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचं आणि डॉक्टर सांगतील तसं कधी पूर्ण, कधी अर्धी, कधी पुन्हा पूर्ण. सहा वर्षं आमच्या घरात ही वाट कुणी चुकलं नाही. मग मी त्यात लक्ष घातलं.

मी एका रंगाच्या कारखान्यात जोखीम अधिकारी आहे. काय पेटू शकतं, काय फुटू शकतं, कोण कुठून पडू शकतो हे आधीच शोधायचं, त्याला आकडा द्यायचा आणि तो आकडा खाली आणायचा, हे माझं काम. शक्यता एक ते पाच, नुकसान एक ते पाच, दोघांचा गुणाकार. सहाच्या आत आला तर हिरवा, पंधरा किंवा वर गेला तर लाल. बावीस वर्षं हेच करतो आहे. लोक मला तोंडावर साहेब म्हणतात आणि पाठीमागे 'पण समजा', कारण माझं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं. हे नाव मला ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतंही.

दोन सह्यांची पद्धत कारखान्यात मीच आणली. पेट घेणाऱ्या रसायनाची टाकी उघडण्याआधी, ठिणगी उडू नये म्हणून तिची तार जमिनीला जोडली आहे का, हे एकानं बघायचं आणि सही करायची. मग दुसऱ्यानं स्वतः जाऊन बघायचं आणि सही करायची. एका माणसाच्या नजरेतून शंभरात एकदा चूक निसटत असेल, तर दोघांच्या नजरेतून एकाच वेळी निसटणार दहा हजारांत एकदा. हा हिशोब मी फळ्यावर मांडला तेव्हा मोठे साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले होते. पुढे दुसऱ्या कारखान्यांतून मला बोलावणी येऊ लागली आणि मी सगळीकडे तेच गणित मांडत फिरलो. त्या गणिताला एक अट आहे: दोघं एकमेकांवर विसंबून नसले पाहिजेत. ती मी फळ्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायचो.

एकदा महिन्याच्या सात तारखेला टाकीजवळच्या तक्त्यावर मला तीस तारखेपर्यंतच्या सह्या दिसल्या. फोरमनला बोलावलं. मिशीवाला, माझ्यापेक्षा वयानं मोठा, कशानंही न हलणारा माणूस. तो म्हणाला, "साहेब, रोज पेन कोण शोधत बसणार? आणि दुसरा सहीवाला बघतोच की." दुसऱ्या सहीवाल्याला बोलावलं. त्याचं म्हणणं, "फोरमननी बघितल्याशिवाय का सही केली असेल? ती दिसली की मी करतो." मी दोघांचीही खरडपट्टी काढली, लेखी ताकीद दिली आणि तक्त्यात वेळ लिहायचा आणखी एक रकाना वाढवला. खोट पद्धतीत असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

आता घराचं सांगतो. खालच्या मजल्यावर आई आणि माझी धाकटी बहीण, वरच्या मजल्यावर मी आणि बायको. बहिणीला सगळे बेबी म्हणतात. ही बेबी सत्तेचाळीस वर्षांची आहे. तिचं लग्न टिकलं नाही, ती परत आली, आणि घरी बसूनच एका कुरिअर कंपनीच्या तक्रारींचे फोन घेऊ लागली. दिवसभर परक्या लोकांची बोलणी खायची आणि कानावरचा हेडफोन काढला की हसायची. आईचं सगळं तीच बघायची. गोळी द्यायची तिची एक रीत होती. तिला पद्धत म्हणायला माझी जीभ रेटायची नाही. ती गोळी आईच्या तळहातावर ठेवायची. आई चष्मा लावून निरखायची आणि मोठ्यानं म्हणायची, "आज अर्धी." बेबी म्हणायची, "बरोबर, अर्धी." मग पाणी. झालं. ना तारीख, ना नोंद, ना सही.

आई मुद्रितशोधक होती. एका छापखान्यात एकतीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. निवृत्त झाल्यावरही औषधाच्या पाकिटातला घडीचा कागद ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची आणि कंपनीनं कुठे काय घोळ घातला आहे ते आम्हाला जेवताना सांगायची. अशा बाईच्या हातावर गोळी ठेवणं म्हणजे काय, हे कळायला बावीस वर्षांचा अनुभव लागत नाही. मला मात्र तेवढा असूनही कळलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बेबी चार दिवस तापानं पडली. गोळी द्यायचं काम माझ्याकडे आलं आणि मी दुसऱ्याच दिवशी विसरलो. काही झालं नाही. एका दिवसाच्या खाड्यानं बिघडत नाही, पुन्हा होऊ देऊ नका, एवढंच डॉक्टर म्हणाले. पण मी घाबरलो, आणि मी घाबरलो की तक्ता करतो. विसरलो होतो मी. तक्त्यात बांधलं बेबीला.

दर शुक्रवारी मी ऑफिसातून कागद छापून आणायचो. वेळ, औषध, मात्रा, देणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. देणारी बेबी, तपासणारा मी. गोळी आता आईच्या हातावर ठेवायची नाही. दुपारीच झाकणाच्या छोट्या डबीत काढून ठेवायची. बेबीनं सही करायची, मी कामावरून आलो की तपासून सही करायची, मग सातला द्यायची. रुग्णावर तपासणीची जबाबदारी टाकू नये, असं मी बेबीला समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली. तळाशी जाड अक्षरात सगळ्यात महत्त्वाचा नियम: कागदावर हातानं खाडाखोड करायची नाही. बदल मी करणार, नवा कागद मी काढणार, आणि कागदावर असेल तेच द्यायचं.

बायको म्हणाली, "घराचा कारखाना करू नकोस."

"कारखान्यात माणसं मरत नाहीत ती यामुळेच," मी म्हणालो. माझ्याशी वाद घालून उपयोग नसतो, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षात उमगलं होतं.

आईनं तो पहिला कागद हातात घेऊन सावकाश वाचला. मग चष्मा काढून म्हणाली, "आमच्याकडे दोघांनी तपासायचं असलं ना, की एक जण मोठ्यानं वाचायचा आणि दुसरा ओळीवर बोट ठेवायचा. दोघांनी मनातल्या मनात वाचलं की दोघंही डुलक्या काढतात."

"आई, ते छापखान्याचं झालं."

"हो बाबा. आमचं काय, चुकलं तर शुद्धिपत्र काढता यायचं." असं म्हणून तिनं कागद मला परत दिला.

पहिले दोन महिने मी डबी उघडून बघायचो. मग नुसती हलवून बघायला लागलो. मग तेही सुटलं. बेबीची सही दिसली की मला निवांत वाटायचं, आणि माझी दिसली की तिलाही तसंच वाटत असणार. तक्ता मात्र एकही दिवस कोरा राहिला नाही. ते जुने कागद मी तारखांप्रमाणे लावून ठेवत होतो, आणि एका व्याख्यानात तर घरातलं उदाहरण म्हणून त्यातला एक पडद्यावर दाखवलाही होता. लोक हसले, मग त्यांनी टाळ्या वाजवल्या.

यंदा आईला छातीत कफ झाला आणि त्यावर डॉक्टरांनी दुसरं एक औषध सुरू केलं. या औषधानं रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर वाढतो. म्हणून शुक्रवारी दुपारी त्यांनी बेबीला फोन करून सांगितलं, आजपासून गोळी अर्धी द्या, पुढच्या तपासणीपर्यंत. बेबीनं कागदाला हात लावला नाही. नियमच तसा होता. तिनं मला फोन केला. कारखान्यात त्या दिवशी बाहेरून तपासणीला तीन माणसं आली होती आणि मी त्यांना दोन सह्यांची पद्धत समजावून सांगत होतो. "हो, करतो," असं म्हणून मी फोन ठेवला. ते मी लक्षात ठेवलं, म्हणजे विसरलो. संध्याकाळी निघताना मागच्या आठवड्याचाच तक्ता काढला, तारखा बदलल्या आणि छापला. मात्रा: पूर्ण. खाली माझी सही. घरी येऊन फ्रिजवर लावला.

त्यापुढच्या शुक्रवारी आणखी एक छापला. तोही पूर्णचा.

नऊ दिवस आईनं दुप्पट गोळी घेतली. दहाव्या दिवशी, रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर ती डोकं दुखतंय म्हणाली. बेबीनं तिला आडवं व्हायला सांगितलं. उठताना आईचा उजवा हात टेबलावरून घसरला आणि पाण्याचा पेला खाली पडला. ती पेल्याकडे बघत राहिली. काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होती, पण शब्द येत नव्हते. बेबीची हाक ऐकून मी वरून धावत आलो तेव्हा ती खुर्चीत एका बाजूला कलली होती.

डोक्यात रक्त उतरलं होतं. हॉस्पिटलात तिचे नेहमीचे डॉक्टर आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळी किती देत होता?"

"पूर्ण," बेबी म्हणाली.

"मी अर्धी सांगितली होती."

बेबीनं माझ्याकडे बघितलं. मी खिशातून फोन काढला. दर आठवड्याच्या तक्त्याचा मी फोटो काढून ठेवतो. तो उघडून मी डॉक्टरांसमोर धरला आणि म्हणालो, "कागदावर पूर्ण आहे."

"हा कागद कुणी केला?"

"घरचाच आहे," मी म्हणालो. डॉक्टरांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि ते आत गेले.

कवटी उघडून साचलेलं रक्त काढलं. आई वाचली. वाचली असं सगळे म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समोर अक्षरं धरली तर ती त्यांच्याकडे बघते, पण वाचत नाही. डॉक्टर म्हणाले, तिच्या दृष्टीनं त्या आता नुसत्या रेघा असाव्यात. एकतीस वर्षं जिच्या डोळ्यांवर एका छापखान्याचं पोट भरलं, तिच्याबद्दल हे ऐकताना मला पहिल्यांदा रडू आलं.

आणि मी काय केलं असेल? तिसऱ्या दिवशी, हॉस्पिटलच्या बाहेरच्या दालनात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी चौकशी अहवाल लिहिला. मला कुणी मागितला नव्हता. कारखान्यात काही घडलं की अठ्ठेचाळीस तासांच्या आत अहवाल लागतो. हात आपोआप चालू लागला. घटना. घटनाक्रम. कारणं. कारणं दोन लिहिली. एक, मात्रेतला बदल तक्त्यात नोंदवला गेला नाही. दोन, प्रथम सही करणाऱ्या व्यक्तीनं विसंगती माहीत असूनही ती तपासणाऱ्याच्या निदर्शनास आणली नाही. पहिल्या वाक्यात माणूसच नव्हता. दुसऱ्यात बेबी होती.

मी तो तिला वाचायला दिला. हे लिहितानाही माझे कान तापतात, पण दिला. तिनं दोन्ही पानं वाचली. म्हणाली, "बरोबर आहे." मग विचारलं, "कुठे सही करू?" मी जागा दाखवली. तिनं केली.

त्या अहवालात एक गोष्ट नव्हती, आणि ती मी कुणालाही सांगितली नव्हती. त्या नऊ दिवसांतल्या मंगळवारी सकाळी मी खालच्या दारात बुटाची नाडी बांधत होतो. आई भिंतीला धरत माझ्यापर्यंत आली. म्हणाली, "अरे, माझी गोळी अर्धी करायची होती ना? डबीत रोज अख्खी असते." मला उशीर होत होता. मी वर न बघताच म्हणालो, "आई, कागदावर आहे ते बरोबर आहे. तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?" ती "बरं" म्हणून आत गेली. फ्रिज तिथून सात-आठ पावलांवर होता. कारखान्यात मी कुणाचीही शंका कधी अशी उडवून लावली नसती. तिथे शंका विचारणाऱ्याला आम्ही बक्षीस देतो.

बाविसाव्या दिवशी आईला घरी आणलं. वर-खाली होणारा पलंग भाड्यानं आणला. नळीतून अन्न द्यायची वेळ आली नाही, पण पाणीसुद्धा दाट करून चमच्यानं द्यावं लागतं, नाहीतर ते श्वासनलिकेत उतरतं. दर दोन तासांनी कूस बदलायची. बेबीनं फोनचं काम सोडलं. माझ्या बायकोनं दुपारचे दोन तास वाटून घेतले.

पण बेबी बदलली. सहा वर्षं जी बाई कुणालाही न विचारता आईचं सगळं करत होती, तिला आता पडदा ओढायलाही परवानगी लागायची. दिवसातून बारा-पंधरा वेळा ऑफिसात तिचा फोन यायचा. "दादा, चादर बदलू का?" "दादा, पाणी थोडं कोमट आहे, चालेल का?" "दादा, ती डोळे मिटून आहे, उठवू की नको?" मी मीटिंगमधून बाहेर येऊन सांगायचो, बदल, चालेल, नको उठवू. तिथून मला ना चादर दिसायची, ना पाणी, ना आई. तरी मी उत्तर द्यायचो आणि ती तसंच करायची. सुरुवातीला मी चिडलो. एकदा म्हणालोही, "बेबी, तुला अक्कल आहे की नाही?" ती म्हणाली, "नाहीच ना रे." टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटत होतं.

या सगळ्यात गोळी बंद होती. डोक्यात रक्त उतरलेल्या माणसाला ती देता येत नाही. पण झडप धातूची ती धातूचीच. गोळी बंद होऊन चार आठवडे होत आले तेव्हा डॉक्टरांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर आईच्या डोक्याचे फोटो होते.

"सुरू केली तर पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. कडेला अजून थोडं रक्त आहे," ते म्हणाले. "नाही केली तर झडपेवर गुठळी धरेल. आजवर धरली नाही हे नशीब. माझा कल अर्धीनं सुरू करण्याकडे आहे, पण मी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

"शक्यता किती? दोन्हीकडच्या?"

"आकडा मागू नका. शंभर माणसांचा आकडा मी पुस्तकातून देईन. तुमची आई त्यातली कितवी आहे ते त्यात नसतं."

बावीस वर्षं मी लोकांना आकडे देत आलो आणि माझ्या तोंडावर हे असं कुणी बोललं नव्हतं. डॉक्टर उर्मटपणे बोलले नाहीत. उलट थोडे थकलेले वाटले. "घरी बोला आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत मला कळवा," म्हणाले.

मी ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं आणि तक्ता मांडला. दुसरं काय येतं मला? पहिली ओळ, गोळी देणं: शक्यता चार, नुकसान पाच, वीस. दुसरी ओळ, गोळी न देणं: शक्यता चार, नुकसान पाच, वीस. दोन्ही लाल. काम थांबवा, असा आमच्याकडे लाल रंगाचा अर्थ आहे. आईचं काय थांबवायचं होतं? मी पहिल्या ओळीतला चार खोडून तीन केला. पंधरा. तरी लालच. दोन केला. दहा, पिवळा. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की आईच्या डोक्यात काहीही बदललेलं नाही, फक्त मी एक आकडा खोडला आहे, आणि बावीस वर्षांत मी असे किती आकडे खोडले असतील कोण जाणे. मला माझीच किळस आली. कागद फाडला आणि घरी आलो.

शनिवारी दुपारी बायको बाहेर गेली होती. खाली आई कुशीवर होती आणि बेबी तिच्या पाठीला मलम लावत होती. मी खुर्ची ओढून बसलो. डॉक्टरांनी काय सांगितलं ते दोन दिवसांपूर्वीच तिच्या कानावर घातलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, तू ठरव. आता ठरवायच्या आधी मला मनातलं बोलून टाकायचं होतं.

"बेबी, एक सांगायचंय."

"बोल ना."

"आईनं मला विचारलं होतं. त्या मंगळवारी. गोळी अर्धी करायची होती ना, म्हणून. मी तिला म्हणालो, कागदावर आहे ते बरोबर आहे. मी कागद बघितलासुद्धा नव्हता."

तिचा मलम लावणारा हात थांबला नाही. "माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"आईनंच सांगितलं. आधी शनिवारी तिनं मला विचारलं होतं. मी म्हटलं, दादा डॉक्टरांशी बोलला असेल, नाहीतर पूर्ण कशाला लिहील? पण मला चैन पडत नव्हतं. मीच तिला म्हटलं, तू विचार त्याला. मी विचारलं तर चिडेल." तिनं आईचा गाऊन खाली ओढून नीट केला. "मंगळवारी तू गेल्यावर ती आत आली. म्हणाली, अगं, दादा म्हणतोय बरोबर आहे. मग मी निर्धास्त झाले. तोवर भरलेली डबी रोज पुन्हा उघडून बघत होते, दादा. त्यानंतर नाही बघितली."

आई आमच्याकडे पाठ करून होती. ती ऐकत होती का, तिला यातलं किती कळत होतं, काही सांगता येत नाही.

"मग अहवालावर सही का केलीस?" मी विचारलं.

"तू दिलास म्हणून."

"तेव्हाच बोलायचं होतंस."

"बोलून काय झालं असतं?" तिनं मलमाच्या ट्यूबचं झाकण लावलं. "माझं फोनचं काम सुटणारच होतं. आपल्या दोघांपैकी एकाला तरी सकाळी उठून कामावर जाता यायला हवं होतं. तुझं काम असं आहे. हे डोक्यात ठेवून तू कुणाला काय शिकवणार होतास?"

ती ओरडली असती, रडली असती, त्या अहवालाचे तुकडे करून माझ्या तोंडावर फेकले असते, तर मी तिचे पाय धरले असते. तसं काही झालं नाही. तिनं हात धुतले, आईच्या पाठीशी उशी लावली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सत्तेचाळीस वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते एवढंच, की दादानं सांगावं. मी नेहमीच सांगत आलो होतो. माझ्या सांगण्यानं काय होतं ते पलंगावर निजलं होतं, आणि तरीही ती तिथे उभी होती.

"काय करायचं, दादा? सुरू करायची?"

मला काहीही माहीत नव्हतं. डॉक्टरांना माहीत नव्हतं, तर मला कुठून असणार? मी खिडकीबाहेर बघितलं, पलंगाकडे बघितलं. नको म्हणालो तर पुढच्या प्रत्येक क्षणाला गुठळीची वाट बघत बसायचं, हो म्हणालो तर रक्ताची. त्यातल्या त्यात डॉक्टरांचा कल एकीकडे होता, आणि त्याच्या आड उभं राहता येत होतं. खरं कारण एवढंच होतं.

"करू या," मी म्हणालो. डॉक्टरांना फोन करून तसं कळवलं. आजपासूनच अर्धी सुरू करा, सोमवारी रक्त तपासू, असं ते म्हणाले.

बेबीनं पाकीट आणलं. बशीत ठेवून सुरीनं गोळीचे दोन तुकडे केले, एक तळहातावर घेतला आणि माझ्यासमोर धरला.

"देऊ?"

"तू बघितलीस का नीट?"

"तू बघ ना."

मी बघितली. अर्धी होती. मी वर पाहिलं तर बेबीची नजर गोळीवर नव्हतीच, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. दोन दे म्हणालो असतो, तर तिनं दोन दिल्या असत्या.

"बेबी, तूही बघ. मोठ्यानं सांग मला, किती आहे ते."

"तू बघितलीस ना दादा?" ती म्हणाली. "मग झालं."

मी तिचं मनगट धरलं, गोळी तिच्या डोळ्यांसमोर नेली. तिनं मान दुसरीकडे वळवली. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी ती अशीच मान वळवायची, आणि तेव्हा मीच तिला सांगायचो, बघू नकोस, मी आहे ना. मी तिचं मनगट सोडलं.

"दे," मी म्हणालो.

तिनं गोळी चमच्यात चुरली, दाट पाण्यात कालवली आणि आईच्या ओठांना लावली. आईनं गिळली. ओठाच्या कोपऱ्यातून थोडं ओघळलं, ते बेबीनं रुमालानं टिपलं. मग चमचा तसाच हातात धरून तिनं मागे वळून विचारलं, "दादा, अजून एक चमचा पाणी देऊ?"